दारात पाणी जाणारच. ते बाहेर पडायला हवं

जुन्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

पावसाळा महिन्यावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. कार्ब्युरेटर आणि बॅटरी मागे पडतात. दाराची काच, तिच्याभोवतीची रबरं आणि पायाखालचं ओलं मॅट पुढे येतं. या खेपेला बडोद्याहून अशी बरीच पत्रं आली. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे. चारही दारांच्या काचांची रबरं कडक होऊन तडकली आहेत. गेल्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट सतत ओलं असायचं. गॅरेजवाले म्हणतात, सगळीकडे सिलिकॉन भरून टाकू. मला नवीन रबरं घालायची आहेत. काय घ्यावं, किती घ्यावं, आणि हे काम घरी जमेल का?
— दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : सिलिकॉन भरू देऊ नका. हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन सुकताना आंबट वास येतो तो अ‍ॅसिटिक आम्लाचा, आणि रंग उडालेल्या पत्र्याला ते आम्ल गंज धरवतं. पण त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. वर-खाली सरकणारी काच आणि दाराचा पत्रा यांच्यामध्ये पाणबंद जोड होऊच शकत नाही. काचेवरून ओघळलेल्या पाण्यातलं थोडं पाणी दाराच्या पोटात उतरणारच, हे गृहीत धरूनच दार बनवलेलं असतं. काचेला बाहेरून टेकणारी पट्टी बरंचसं पाणी निपटून बाहेर टाकते. उरलेलं आत पडतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून रस्त्यावर जातं. डोअर पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या अस्तराच्या, मागे चिकटवलेलं प्लास्टिक ते पाणी पॅडपर्यंत पोचू देत नाही. मॅट ओलं होतंय म्हणजे तळाची भोकं किंवा हे प्लास्टिक, यांपैकी एकात दोष असण्याचा संभव जास्त. नुसती रबरं बदललीत तर पैसे खर्च होतील आणि मॅट ओलंच राहील.

म्हणून आधी परीक्षा करा. काच पूर्ण वर घ्या आणि तांब्याभर, म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी काच आणि बाहेरच्या पट्टीच्या फटीत सावकाश ओता. दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन भोकं किंवा चिरा असतात. काही सेकंदांत तिथून धार लागली पाहिजे आणि मिनिटभरात पाणी निथळलं पाहिजे. नुसते थेंब पडत असतील किंवा दार हलवल्यावर आत डचमळण्याचा आवाज येत असेल, तर भोकं तुंबली आहेत. धूळ, जुन्या फेल्टचा (काचेलगतच्या जाड, दाबलेल्या लोकरी कापडाचा) भुगा आणि पूर्वीच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये भरलेला रंग यांचा त्यात घट्ट लगदा होतो. तो तारेनं उकरू नका, कडेचा रंग सोलला जाईल. प्लास्टिकची केबल टाय घ्या, खालून वर सारा आणि वरून पाणी सोडत राहा.

दुसरी परीक्षा नळीच्या पाण्याची. नळीला तोटी लावू नका, नुसतं वाहतं पाणी हवं. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा आणि खालून सुरुवात करा: आधी दाराची खालची कड, मग काचेच्या बुडाची पट्टी, मग काचेच्या दोन्ही बाजू, शेवटी वरचा भाग. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. पॅडच्या खालच्या कडेतून पाणी झिरपलं तर मागचं प्लास्टिक गेलेलं आहे. दार आणि चौकटीच्या मधून आलं तर दाराभोवतीचं मोठं डोअर रबर गेलेलं आहे. डॅशबोर्डच्या खालून आलं तर दाराला हात लावू नका. ते बहुधा पुढच्या मोठ्या काचेच्या रबराचं काम आहे.

आता खरेदी. प्रत्येक दाराला चार वेगळ्या वस्तू लागतात आणि दुकानात सगळ्यांना सरसकट ‘बीडिंग’ म्हणतात, म्हणून नमुना घेऊनच जा. पहिली वस्तू रन चॅनल: काच ज्या मखमली खाचेतून वर-खाली सरकते ती. दुसरी बाहेरची वेदर स्ट्रिप, काचेच्या बुडाशी बाहेरून टेकणारी रबरी पट्टी. तिसरी तिच्यासमोरची आतली फेल्टची पट्टी. चौथी काचेच्या खालच्या लोखंडी पन्हाळीत बसणारी रबरी पट्टी, जिच्यामुळे काच पन्हाळीत घट्ट धरून राहते. काच पन्हाळीत हलत नसेल तर या चौथीला उगाच हात लावायचं कारण नाही. पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचेचं रबर हा पाचवा आणि स्वतंत्र विषय. शेवटच्या उत्तरात तो आला आहे.

रन चॅनलचा जुना दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून न्या. व्हर्नियर कॅलिपरनं तीन मापं घ्या: काचेची जाडी, दाराच्या चौकटीतल्या खाचेची रुंदी आणि तिची खोली. जुन्या चॅनलची रुंदी मोजू नका. तो आकसलेला आणि चपटा झालेला असतो, खरं माप पत्र्याच्या खाचेचंच. दुकानदार ‘अमक्या गाडीचं चालून जाईल’ म्हणेल. ते खरं असू शकतं, पण गाडीचं नाव ऐकून नव्हे, ही तीन मापं जुळली तरच घ्या. लांबीसाठी सुतळी वापरा: खाचेतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी दाबत न्या. चॅनलचे दोन्ही बाजूंचे उभे पाय दाराच्या पोटात बरेच खाली उतरतात, ती लांबी हमखास विसरली जाते. समजा मागचा पाय ७५ सेंटिमीटर, वरचा आडवा भाग ६० आणि पुढचा, त्रिकोणी काचेलगतच्या दांडीतला पाय ७० भरला, तर बेरीज २ मीटर ५ सेंटिमीटर होते. त्या दाराला सव्वादोन मीटर घ्या. बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही पट्ट्यांसाठी काचेच्या बुडाशी दाराची लांबी मोजा आणि पाच सेंटिमीटर वाढवा.

रबर ईपीडीएमचं, म्हणजे त्या नावाच्या कृत्रिम रबराचं, मागा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या पट्टीला हात लावता येत नाही. ऊन आणि हवेतला ओझोन यांना ईपीडीएम नैसर्गिक रबरापेक्षा खूप जास्त टिकतं. स्वस्तात मिळणारी पट्टी अनेकदा पीव्हीसीची असते. ती उन्हात लुळी पडते, थंडीत ताठ होते आणि दोन वर्षांत आखडते. ओळखायचं असं: पट्टी पूर्ण दुमडून दहा सेकंद दाबून धरा. सोडल्यावर ती लगेच सरळ व्हायला हवी, दुमडल्या जागी पांढरी रेघ राहता कामा नये. नखानं दाबा, खूण भरून यायला हवी. पांढऱ्या रुमालावर घासा. रुमाल काळा झाला तर ती परत द्या.

घरी जमेल का? जमेल. पहिल्या दाराला तीन-चार तास धरा, पुढची दारं निम्म्या वेळात होतील. एक पथ्य मात्र पाळा: चारही दारं एकदम उघडू नका. एक दार जसंच्या तसं ठेवलं की अडलं तिथं पाहायला नमुना राहतो.

काच वर-खाली करायचं हँडल आधी काढावं लागतं. त्यामागची गोल चकती आत दाबा. आरपार पिन दिसली तर ती बारीक सुंभ्यानं हलकेच ठोकून काढा. स्क्रू असेल तर प्रश्नच नाही. दोन्ही नसतील तर मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची स्प्रिंगची क्लिप असते. चकती आणि हँडल यांच्यामध्ये जुन्या धोतराची चिंधी घाला आणि बूट पॉलिश करताना कापड ओढतात तशी दोन्ही टोकं आलटून पालटून ओढा. क्लिप निसटते आणि उडते. दुसऱ्या माणसाला वर हात धरून ठेवायला सांगा. काच बंद असताना हँडल कोणत्या दिशेला होतं याचा फोटो काढून ठेवा. मग डोअर पॅडच्या कडेखाली रुंद, बोथट पट्टी सरकवून एकेक क्लिप उचका, पॅड हातानं ओढू नका. पॅडची पाठ हार्डबोर्डची असते. पूर्वी भिजली असेल तर क्लिपची भोकं फाटतात.

काच पूर्ण खाली घ्या आणि रन चॅनल वरच्या मागच्या कोपऱ्यापासून सोडवायला लागा. तो सहज निघाला नाही तर आत क्लिप किंवा बारीक स्क्रू शोधा. आता खाच उघडी पडेल, आणि खरं काम इथेच असतं. तळाशी गंजाचा तपकिरी भुगा असेल. तारेच्या ब्रशनं तो झाडा, पॉलिश पेपर मारा, गंजाला काळं पाडणारं फॉस्फोरिक आम्लाचं कन्व्हर्टर लावा, मग रेड ऑक्साइड आणि वर गाडीच्या रंगाचा पातळ हात. पूर्ण २४ तास सुकू द्या. ओल्या रंगावर रबर बसवलं की दोन्ही एकमेकांना चिकटतात, आणि पुढच्या वेळी रबराबरोबर रंगही निघतो.

नवीन चॅनल बसवण्याआधी अर्धा तास उन्हात ठेवा, मऊ होतं. आधी कोपरे बसवा, मग पाय, आणि मधला आडवा भाग सर्वांत शेवटी. चॅनल ओढून बसवायचा नाही. ओढून बसवलेलं रबर आठ-पंधरा दिवसांत मूळ लांबीवर येतं आणि नेमकी कोपऱ्यात बोटभर फट पडते. नवीन रबर घालूनही पाणी येतं अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा हेच घडलेलं असतं. उलट चॅनल थोडा जास्त ठेवून, टोकाकडून मधल्या भागाकडे लोटत बसवा. कोपऱ्यात तो वळत नसेल तर आतल्या दोन ओठांना छोटी त्रिकोणी खाच द्या. पाठीचा भाग मात्र कापू नका. खाच घट्ट असेल तर चिकटवायची गरजच नसते. सैल असेल तर फेविकॉल एसआरसारखं सिंथेटिक रबराचं अ‍ॅढेसिव्ह दर वीस सेंटिमीटरला थोडं, दोन्ही बाजूंना लावा. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. फेविक्विक काचेसारखं कडक होऊन तडकतं. कोपऱ्यात रबराची दोन कापलेली टोकं जोडायची असतील तिथेच त्याचा एक थेंब चालतो.

आधी रन चॅनल, मग बाहेरची पट्टी, शेवटी आतली फेल्ट. बाहेरच्या पट्टीचा ओठ काचेवर दोन-तीन मिलिमीटर दाबून टेकला पाहिजे. काच बंद करून पट्टीत पातळ कागदाचा तुकडा अडकवा आणि ओढा: अडखळत निघाला तर दाब बरोबर, सुळकन निघाला तर कमी, फाटला तर जास्त.

आणि पॅड लावण्याआधी ते प्लास्टिक. शंभर-दीडशे मायक्रॉनचा जाड प्लास्टिकचा कागद घ्या, पॅडच्या आकाराचा कापा, कडेनं ब्यूटिल रबराची चिकट टेप लावा. खालची कड दाराच्या पत्र्यावर बाहेरून चिकटवायची नाही. ती पत्र्याच्या भोकातून दाराच्या आत वळवायची. कौलांच्या छपरात वरचं कौल खालच्यावर येतं म्हणूनच पागोळी बाहेर पडते. इथेही तोच हिशेब. कड बाहेर राहिली तर प्लास्टिकवरून ओघळणारं सगळं पाणी पॅडवर उतरतं, आणि तुमचं मॅट ओलं होण्याचं कारण बहुधा हेच असणार.

प्रश्न : १९६९ची स्टँडर्ड हेराल्ड. बाहेरच्या पट्टीच्या क्लिपा गंजून गेल्या आहेत. नव्या क्लिपा आणल्या, पण त्या बसतच नाहीत. दोन दाराच्या आत पडल्या. शिवाय, २०२३च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा जो मेळावा झाला तशा ठिकाणी गाडी ठेवायची झाली, तर मूळचं फेल्टच हवं का?
— रावपुरा, बडोदा

उत्तर : या क्लिपा वरून दाबून बसत नाहीत, खालून वर ओढून बसतात. म्हणूनच वरून जोर करणाऱ्याच्या हातातून त्या आत पडतात. बारा मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड आणि तीस सेंटिमीटर लांब लोखंडी पट्टी घ्या आणि तिचं शेवटचं आठ-दहा मिलिमीटर टोक आकड्यासारखं वळवा. कडा कानशीनं गुळगुळीत करा आणि काचेच्या बाजूला कापडी टेप गुंडाळा, नाहीतर काचेवर ओरखडा आलाच म्हणून समजा. काच पूर्ण खाली. क्लिपा पट्टीवर ठरलेल्या अंतरावर बसवून पट्टी जागेवर धरा, आकडा फटीतून आत सोडा, क्लिपच्या खालच्या वळणात अडकवा आणि सरळ वर ओढा. पत्र्याच्या ओठावर क्लिप चढली की टक् असा आवाज येतो. आधी दोन्ही टोकांच्या, मग मधली, मग उरलेल्या.

प्रत्येक क्लिपेला हातभर दोरा बांधून ठेवा. पडली तर दोऱ्यानं वर येईल. बसली की दोरा कापून ओढून घ्या. आधीच पडलेल्या दोन चुंबकानं बाहेर काढा. त्या तळाशी राहिल्या तर पाण्याच्या भोकाशी जाऊन अडतात आणि तिथेच गंजतात.

मेळाव्यात परीक्षक दाराकडे पाहतात तेव्हा त्यांना दिसते ती पट्टीची उंची, तिचा कडेचा आकार आणि फेल्टचा रंग. दिसणाऱ्या आतल्या पट्टीत लोकरी फेल्ट ठेवा. न दिसणाऱ्या रन चॅनलमध्ये मखमल लावलेलं ईपीडीएम घाला. लोकरी फेल्ट पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी सरळ पत्र्याला लागतं. प्रदर्शनासाठी वर्षातून चार दिवस निघणाऱ्या गाडीला ते सोसेल, पावसात फिरणाऱ्या गाडीला नाही.

प्रश्न : अ‍ॅम्बॅसेडरच्या पुढच्या दाराला नवीन रन चॅनल घातला. आता काच इतकी जड फिरते की हँडल तुटेल असं वाटतं. गॅरेजमध्ये ग्रीस लावून दिलं. चार दिवस बरं चाललं, आता पूर्वीपेक्षा वाईट.
— मांजलपूर, बडोदा

उत्तर : हँडल तुटण्याआधी काचेच्या मशीनचे दात जातील, तेव्हा जोर लावणं आजच थांबवा. मशीनमध्ये पंख्याच्या आकाराची दात्यांची पट्टी असते आणि सगळा जोर तिच्या दोन-तीन दातांवर येतो. ते झिजले की काच एके ठिकाणी घसरून धाडकन खाली पडते.

ग्रीसनं तुमचं नुकसानच झालं. खनिज तेल ईपीडीएममध्ये शिरतं आणि रबर फुगतं. चार दिवस बुळबुळीतपणामुळे काच सरकली. मग रबर फुगलं, आणि मखमलीत ग्रीस आणि धूळ यांचं पीठ झालं. इंजिन ऑइल, पेट्रोलियम जेली, डिझेलचा बोळा, सगळ्यांचा परिणाम हाच. तो चॅनल आता धुवून सुधारणार नाही. नवा घ्यावा लागेल.

नवा घालण्यापूर्वी मूळ कारण शोधा. काच अर्ध्यावर आणून तिच्या पुढच्या आणि मागच्या कडेला हात ठेवा आणि दुसऱ्या माणसाला हँडल सावकाश फिरवायला सांगा. सगळीकडे सारखीच जड असेल तर चॅनल तुमच्या काचेच्या जाडीचा नाही, ओठ जास्त जवळ आहेत. फक्त शेवटच्या पाच-सात सेंटिमीटरला अडत असेल तर वरच्या कोपऱ्यात चॅनलला सुरकुती पडली आहे. बोट फिरवून पाहा, उंचवटा लागेल. पुढची कड आधी वर जाते आणि मागची मागे राहते, असं दिसलं तर काच तिरकी धरली गेली आहे. अशा वेळी दोन्ही उभ्या पायांमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा. खाली पाच-सहा मिलिमीटर कमी भरलं तर दाराच्या आतला, पायाचं खालचं टोक धरणारा बोल्ट सैल करा. पायाला आपोआप जागा घेऊ द्या आणि मग बोल्ट आवळा.

नवीन चॅनल पहिले पंधरा-वीस फेरे थोडा घट्टच असतो. सिलिकॉन स्प्रे कापडावर घेऊन मखमलीवर फिरवा, नाहीतर बिनवासाची टाल्कम पावडर पुरे. एक सावधगिरी: येत्या महिन्यात गाडी रंगवायची असेल तर सिलिकॉन स्प्रे दाराजवळ आणूच नका. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. ग्रीसची जागा एकच: मशीनचे दात आणि तिचे सांधे, तिथे लिथियम ग्रीस.

प्रश्न : ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमची १९७८ची पद्मिनी दाराच्या हँडलपर्यंत पाण्यात होती. इंजिनचं काम झालं. आता दारांच्या खालच्या कडेला रंगाला फुगे आले आहेत, उन्हात गाडी उघडली की कुबट वास येतो आणि काचांवर उभे ओरखडे दिसतात. रबरं बदलून घ्यावीत का?
— कारेलीबाग, बडोदा

उत्तर : बदलायचीच आहेत, पण सर्वांत शेवटी. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: दारात बसलेला गाळ.

पुराचं पाणी उतरलं तरी त्यातली बारीक माती दाराच्या तळाशी, पत्र्याच्या दुमडीत आणि फेल्टमध्ये राहते. ती वाळल्यासारखी दिसते, पण दमट हवेत ओल ओढून घेते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमटच असते. दुमडीतला पत्रा आतून गंजतो आणि बाहेर फुगा येतो तेव्हा बरंचसं काम होऊन गेलेलं असतं. उभे ओरखडे रन चॅनलच्या मखमलीत रुतलेल्या वाळूचे. दर वेळी काच फिरवली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं. म्हणून आजपासून काचा फिरवू नका.

चारही पॅड काढा. हार्डबोर्ड फुगला असेल तर टाकून द्या. जुन्याचा कागदावर ठसा घेऊन तीन मिलिमीटरच्या नव्या बोर्डावर तो कापून घेता येतो. सगळे रन चॅनल आणि फेल्ट काढून फेका. गाळ शिरलेलं फेल्ट धुऊन स्वच्छ होत नाही, यात काटकसर करू नका. तळाची भोकं मोकळी करा आणि वरून मंद धारेनं स्वच्छ पाणी सोडत राहा. सुरुवातीला चहासारखं पाणी येईल. खाली पांढरी बादली धरा आणि बादलीचा तळ स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका. मग दार उघडं ठेवून दोन-तीन दिवस पंख्यासमोर वाळवा.

आता फुगे. प्रत्येक फुग्यावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दाबा. पत्रा टणक लागला तर घासून, कन्व्हर्टर, प्रायमर, रंग. टोक आत गेलं तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल. पुट्टी भरून रंग मारायला सांगणारे भेटतील. पुट्टी ओल शोषते आणि दुसऱ्या पावसाळ्यात तोच फुगा आणखी मोठा होऊन वर येतो. वेल्डिंग करणाऱ्याला बजावून सांगा की तळाची भोकं बुजता कामा नयेत. काम झाल्यावर पुन्हा तांब्याभर पाणी ओतून खात्री करा. रंग झाल्यानंतर लांब नळीच्या नोझलनं दुमडीत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीतला गंज रोखणारं मेण) मारा आणि ते सुकण्याआधी भोकं पुन्हा एकदा टोचून मोकळी करा.

काचेवरचा ओरखडा नखाला लागत नसेल तर सेरियम ऑक्साइड (काच पॉलिश करायची पावडर) आणि फेल्टच्या चाकानं, पाणी शिंपडत, बराच कमी होतो. नखाला लागत असेल तर सोडून द्या. तो घालवायला इतकी काच घासावी लागते की तिथून पाहिल्यावर रस्ता वाकडा दिसतो, आणि ड्रायव्हरच्या काचेत तो धोका पत्करू नये. काच काढताना हातमोजे घाला आणि तिच्या कडेला धातू लागू देऊ नका. दाराची काच टफन्ड असते. मधोमध बसलेला धक्का ती सोसते, कडेचा बारीक टवका सोसत नाही. एका क्षणात तिचे दाणे होतात. टफन्ड काच कापताही येत नाही, म्हणून बदली काच मापाचीच आणावी लागते.

हे सगळं झाल्यावर रबरं, पहिल्या उत्तरात दिली आहेत तशी.

प्रश्न : अहमदाबादच्या एक्सप्रेसवेवर सत्तरच्या पुढे गेलं की ड्रायव्हरच्या बाजूनं शिट्टी वाजते. काचेची रबरं नवीन आहेत. गाडी पद्मिनी.
— फतेगंज, बडोदा

उत्तर : शिट्टी बहुधा पुढच्या त्रिकोणी काचेची. खात्री करायला कागदी मास्किंग टेप घ्या. त्रिकोणी काचेच्या तिन्ही बाजू, मोठ्या काचेची वरची कड आणि दाराची पुढची कड अशा पाचही फटी बाहेरून बंद करा आणि त्याच वेगानं जा. शिट्टी थांबली तर एकेक टेप काढत पुन्हा जा. जी काढल्यावर आवाज आला ती जागा.

त्रिकोणी काचेचं रबर साच्यात ओतलेलं एकसंध असतं. मीटरवरची पट्टी कापून तिथे बसवली की कोपऱ्यांत फट राहते आणि नेमकी तीच वाजते. साच्यातलंच शोधा, आणि डावं-उजवं वेगळं असतं हे पाहून घ्या. बसवताना साबणाचं पाणी लावा. काच खालच्या खुंटीवर फिरते आणि खुंटीच्या टोकाला स्प्रिंग आणि नट असतो. पॅड काढल्यावर तो दिसतो. वाऱ्यानं काच आपोआप उघडत असेल तर हा नट थोडा आवळा, एका वेळी अर्धा फेरा.

नवीन रबरावर त्रिकोणी काचेचा खटका लावायला जोर लागत असेल तर जोर लावू नका. खटक्याचा रिव्हेट काचेतल्या भोकातून गेलेला असतो आणि काच तिथूनच तडकते. रबराच्या ज्या कोपऱ्याला काच आधी टेकते तिथे टाल्कम लावा, काच अर्धवट बंद करून गाडी दोन दुपारी उन्हात ठेवा आणि तिसऱ्या दिवशी खटका लावून पाहा. तरीही बसला नाही तर रबर खाचेत नीट रुतलेलं नाही. काढून पुन्हा बसवा.